टर्बो नसलेल्या इंजिनाला कोल्ड एअर इनटेक बसवावा का?

प्रश्न: माझ्या गाडीचे पेट्रोल इंजिन टर्बोविरहित (हवा दाबून आत ढकलणारे यंत्र नसलेले) असून मूळ एअर फिल्टर बॉक्स सुस्थितीत आहे. तो काढून बाजारातला कोल्ड एअर इनटेक (इंजिनापासून दूरची थंड हवा आत घेणारी नळी व फिल्टर) बसवल्यास ताकदीत जाणवण्याइतका फरक पडेल का?

पहिले उत्तर: फारसा नाही. हवेचे तापमान साधारण ३ अंश सेल्सिअसने उतरले की तिची घनता सुमारे १ टक्क्याने वाढते आणि दाट हवेत इंधन जास्त जळून ताकद वाढते, हे खरे. परंतु बहुतेक गाड्यांत मूळ बॉक्सची नळी पुढच्या जाळीमागून किंवा मडगार्डच्या आतून बाहेरचीच हवा घेते. बॉनेट उघडून ती कुठे जाते ते आधी पाहावे. उघडा फिल्टर इंजिनाशेजारी बसवला, तर उलट गरम हवाच आत ओढली जाईल. आवाज मात्र भारदस्त होतो, आणि पुष्कळांना तोच वेग वाटतो.

दुसरे उत्तर: तेल लावायचा फिल्टर घेणार असाल तर जपून, जादा तेल एअरफ्लो सेन्सरच्या (आत येणारी हवा मोजणाऱ्या भागाच्या) तारेवर बसले की इंधनाचे गणित बिघडते. फिल्टर खाली बंपरजवळ आला, तर साचलेल्या पाण्यातून जाताना इंजिनात पाणी शिरून कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकू शकतो.

प्रश्नकर्ता: पाहिले, नळी जाळीमागेच उघडते. तूर्त नवा कागदी फिल्टरच घालतो.