शब्दचर्चा: विमानाच्या पंखावरच्या गोल खुणेला काय म्हणावं?

प्रश्न:
दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या फ्रेंच हलक्या विमानांच्या जुन्या फोटोंखाली मराठी ओळी लिहितेय. सरावाची, निरोप पोचवायची, दोन-चार माणसांची विमानं. पंखांवर आणि धडावर एकात एक गोल रंगवलेले असतात, त्याला फ्रेंचमध्ये 'कोकार्द' म्हणतात. मी 'चक्र' लिहिलं, आणि विमानावरच्या अक्षरांना 'नोंदणी क्रमांक'. मैत्रिणीने वाचून विचारलं, "अशोकचक्र का गं?" दुसरा शब्द आहे?

उत्तर:
मैत्रिणीची शंका रास्त आहे. १९४८ ते १९५० या काळात आपल्या हवाई दलाच्या विमानांवर खरोखरच अशोकचक्र होतं. विमानाच्या बाबतीत तो शब्द त्या खुणेसाठीच राहू द्यावा.

कोकार्दच्या मुळाशी 'कोक' म्हणजे कोंबडा आहे. टोपीवर खोचायचं ते फितीचं फूल. राज्यक्रांतीत ते तिरंगी झालं आणि १९१२ मध्ये फ्रेंच लष्करी विमानांवर आलं. आपला 'तुरा'ही कोंबड्याचा आणि पगडीचाही, त्यामुळे मोह होतो. पण तुरा डुलतो, ही खूण सपाट रंगवलेली. मी 'बिल्ला' म्हणेन. स्टेशनवरच्या हमालाच्या दंडावरचा पितळी बिल्ला आठवा: माणूस कुठला, ते लांबूनच कळतं. बिल्ल्याच्या मध्ये 'चकती', तिच्याभोवती 'कडं'.

प्रश्नकर्ती:
बिल्ला पटला. मग 'निळी चकती, पांढरं कडं, बाहेर लाल कडं' असं लिहू? एका फोटोत बाहेरचं कडं काळंभोर आहे आणि चकती इतकी फिकट, की पांढऱ्या कड्यात विरघळल्यासारखी दिसते.

उत्तर:
रंगाचं नाव घाईने लिहू नका. त्या काळी दोन प्रकारच्या कृष्णधवल फिल्म वापरात होत्या. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसतच नाही, म्हणून तो काळा उमटतो, पिवळाही गडद होतो आणि निळा फिका पडतो. सगळे रंग टिपणाऱ्या पॅनक्रोमॅटिकवर लाल आणि निळा दोन्ही करडे, बरेचदा सारखेच. तुमचा फोटो ऑर्थोचा वाटतो. ब्रिटिश बिल्ला उलटा, लाल चकती आणि बाहेर निळं कडं. ऑर्थोवर त्याची चकती काळी आली असती.

पडताळा शेपटीच्या सुकाणूवर मिळतो. फ्रेंच विमानांवर तिथे तीन उभे पट्टे असतात: पुढे, बिजागरीकडे निळा, मध्ये पांढरा, मागच्या कडेला लाल. पुढचा पट्टा फिका आणि मागचा काळा असेल तर फिल्म ऑर्थो. आधी सुकाणू वाचायचं, मग बिल्ला.

व्हिशी सरकारच्या, म्हणजे १९४० मध्ये हरल्यावर जर्मनीशी जुळवून घेतलेल्या फ्रेंच सरकारच्या, विमानांवर तर फारच जपून. १९४१ मध्ये त्यांच्या इंजिनाच्या आवरणावर आणि शेपटीवर लाल-पिवळे पट्टे आले. ऑर्थो फिल्मवर दोन्ही रंग गडद, त्यामुळे पट्टे जवळजवळ नाहीसे होतात. पट्टे दिसत नाहीत म्हणून फोटो आधीचा, असं म्हणता येत नाही.

दुसरं उत्तर:
एक भर घालतो. नुसत्या आकारावरूनही नाव देऊ नका. लांब पायांचं जर्मन 'श्टोर्ख', म्हणजे करकोचा, जर्मन ताब्यात असताना पॅरिसजवळ प्युतोला मोरान-सोल्निए या फ्रेंच कंपनीच्या कारखान्यात बनत होतं. जर्मन गेल्यावर तेच विमान फ्रेंचांसाठी बनू लागलं आणि 'क्रिके', म्हणजे टोळ, झालं. अंग तेच. पंखावर काळा क्रॉस की तिरंगी बिल्ला, त्यावर करकोचा की टोळ हे ठरतं.

आणि 'नोंदणी क्रमांक' खोडा. फ्रेंच नागरी विमानावर एफ, आडवी रेघ आणि चार अक्षरं असतात. लेखक-वैमानिक सेंत-एक्झ्युपेरी १९३५ मध्ये इजिप्तच्या वाळवंटात ज्या 'कोद्रों सिमून' विमानासह कोसळला, ते एफ-एएनआरवाय. त्यात आकडा कुठे आहे? आपल्या व्हीटीने सुरू होणाऱ्या नागरी विमानांवरही अक्षरंच असतात. 'नोंदणी-अक्षरं' म्हणा.

प्रश्नकर्ती:
दोघांचे आभार. फोटोखाली आता असं लिहिलंय: 'पंखावर बिल्ला, बाहेरचं कडं गडद, चकती फिकट. सुकाणूवर तीन पट्टे, मागचा गडद. नोंदणी-अक्षरं दिसत नाहीत.' रंग पुढच्या ओळीत, 'बहुधा' लावून.