चष्मा गेलेले सोलापूरकर, या इकडे (लॅसिकचे अनुभव)

कडकभाकरी: काल माळ्यावरच्या डब्यात जुना चष्मा सापडला, उणे साडेसहाचा. लेकीने घालून बघितला, म्हणाली, "आई, तू आंधळी होतीस?" मग सगळं आठवलं. 2012 चं लॅसिक, म्हणजे नंबर घालवायचं लेझर ऑपरेशन. डोळ्यावर कडं दाबलं की काही सेकंद नुसता काळोख. मग कॉर्नियाचा, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा, पापुद्रा उचलून बाजूला, टकटक आवाज आणि केस जळल्यासारखा वास. दुखलं काहीच नाही, पण त्या वासाने घाम फुटला. दुसऱ्या दिवशी उठल्या उठल्या हात उशाशी चाचपडतोय आणि समोर भिंतीवरचं घड्याळ दिसतंय. सहा चाळीस. रडले. डोळे चोळायचे नाहीत हे रडताना आठवलं. त्या वर्षी गड्ड्याच्या जत्रेतल्या प्रत्येक दिव्याला मात्र प्रभावळ होती.

सातरस्ता_आठवा: माझा कॉर्निया पातळ, म्हणून पापुद्रा नको म्हणाले. पीआरके केलं. वरचा थर खरवडून तिथेच लेझर. तीन दिवस डोळ्यांत शेंगाचटणी, तेही एप्रिलात.

बे_एके_बे: एप्रिलात कोण करतं बे ऑपरेशन

सातरस्ता_आठवा: लग्न मे मधे होतं

बे_एके_बे: मग नीट बघून केलंस म्हणायचं

हुतात्मावाला: मला तर परतच पाठवलं. तपासणीत निघालं, कॉर्निया शंकूसारखा पुढे यायलाय, केराटोकोनस. लेझरने अजून पातळ केला तर वाट लागेल. पैसे नको म्हणणारा डॉक्टर पहिल्यांदा बघितला. नंतर कॉर्निया घट्ट करायला क्रॉसलिंकिंग केलं. थेंब टाकून वरून अतिनील प्रकाश. चष्मा आहेच.

जुनीमिल: तुमचं बरंय रे. माझं 1991 चं, लेझर नव्हे, ब्लेड. चाकाच्या आऱ्यांसारख्या आठ चिरा प्रत्येक डोळ्यात. सकाळचा नंबर वेगळा, संध्याकाळचा वेगळा. आता मोतीबिंदूला कुठली लेन्स बसवायची याचं गणित जुळेना. तुम्ही ऑपरेशनआधीची मापं, कागद जपून ठेवा. आमच्या हिने रद्दीत घातले.

नवीपेठ: विम्यात बसतं का? माझा नंबर सात.

हुतात्मावाला: साडेसातच्या खाली नाही देत.

बे_एके_बे: अर्धाच कमी पडला की

कडकभाकरी: काका, माझी फाईल आहे. चाळिशी पण लागली बरं का! लांबचा गेला, जवळचा आला. आता मोबाईल हात लांब करून वाचते.

नवीपेठ: ते शेंगाचटणीवरून आठवलं, ताई, कुटलेली कुठं मिळते हल्ली? मिक्सरची नको.