फैजपूरजवळच्या मळ्यात 17 जणांचा मुक्काम: भरीत, बट्टी, शेकोटी आणि झोपायची सोय

तापीकाठ

जानेवारीच्या पहिल्या शनिवार-रविवारी आम्ही कॉलेजचे जुने सोबती जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरजवळ एका मित्राच्या मळ्यात मुक्कामाला जमतोय. 14 मोठी माणसं आणि 3 मुलं. मळ्यात एक खोली, पुढे सिमेंटचा ओटा, एक संडास आणि बोअर आहे. आजूबाजूला ठिबकवरची केळी. आचारी लावायचा नाही, सगळं आपल्याच हातानं करायचं असं ठरलंय.

शनिवारी रात्री भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या, रविवारी दुपारी वरण-बट्टी. रविवारी सकाळी पाल, मनुदेवी आणि हतनूर अशी तिन्ही ठिकाणं करावीत असा विचार आहे.

जाणकारांनी सांगावं: 17 जणांना किती माल लागेल, चूल आणि शेकोटी कुठे करावी, पाणी किती न्यावं, आणि एका खोलीत एवढी माणसं झोपणार नाहीत तर बाहेर झोपण्याचं काय करावं? अशा मुक्कामात नेमकं काय बिघडतं, तेही सांगा.

बडगी_मुसळ

तापीकाठ भाऊ, आधी वेळेचं बघा. बाकी सगळं त्यावर आहे. त्या दिवसांत आपल्याकडे सूर्य 6 च्या सुमारास मावळतो. लोक जेवण करून घरून निघतात, वाटेत बाजार करतात, साडेपाचला मळ्यात पोचतात आणि मग मोबाइलच्या उजेडात वांगी भाजतात. अंधारात वांगं आतून शिजलं की नाही ते दिसत नाही, किडकं वांगं तसंच बडग्यात (ठेचायच्या लाकडी भांड्यात) जातं आणि जेवायला साडेदहा होतात. 3 ला मळ्यात पोचा. 5 ला जाळ, 6 च्या आत वांगी भाजून, सोलून तयार. मग साडेसातला पंगत बसते.

मुलं अर्धी धरली तर 16 पानं होतात. पानामागे कच्ची वांगी 300 ग्रॅम, म्हणजे 5 किलो घ्या. वांगी भरताचीच हवीत, ती फिकट हिरवी, मोठी, बामणोदकडची. जळगावच्या भरीत वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, ते याच वांग्याला. घेताना आकाराच्या मानानं हलकं वांगं निवडा. जड वांग्यात बिया जास्त असतात. देठ हिरवा आणि ताठ असावा, अंगावर एकही भोक नसावं.

भाजायला तुराट्या (तुरीच्या वाळलेल्या काड्या) सगळ्यात चांगल्या. मोठ्या 2 मोळ्या पुरतात. कोळशावर किंवा गॅसवर भाजलेल्या वांग्याला ती चव येत नाही, कारण तुराटीचा जाळ उंच आणि झपाट्याचा असतो. साल पटकन करपते आणि गर धुरात शिजतो. पऱ्हाट्याही चालतात असं म्हणतात, पण कपाशीवर फवारण्या फार होतात, म्हणून अन्नाखाली पऱ्हाटी न जाळलेली बरी. ती शेकोटीला ठेवा.

प्रत्येक वांग्याला सुरीनं 3-4 टोचे मारा, नाहीतर आतल्या वाफेनं ते फुटतं. वरून तेलाचं बोट फिरवा. एकावर एक रचू नका. एका थरात मांडा, वर तुराट्या घाला, पेटवा. लांब काठीनं दोनदा उलटा. 12 ते 15 मिनिटांत देठाजवळचा भाग दाबला की मऊ लागतो. देठाजवळ कडक असेल तर वांगं झालेलं नाही, पोट कितीही मऊ लागो. गरम असतानाच सोला, बोटं बुडवायला वाटीत पाणी ठेवा. वांगं मात्र पाण्याखाली धरू नका, सगळा धुराचा वास वाहून जातो. सोलल्यावर प्रत्येक वांगं उभं उघडून कीड बघायची. हे काम उजेडात करायचं म्हणून वर वेळेचा एवढा आग्रह.

5 किलोला हिरव्या मिरच्या 250 ग्रॅम (लवंगी असेल तर निम्म्या), लसूण 200 ग्रॅम, शेंगदाणे 300 ग्रॅम, कांद्याची पात 5 जुड्या, कोथिंबीर 2 जुड्या, तेल अर्धा लिटर. मीठ 50 ग्रॅमपासून सुरू करून चव बघत वाढवा. मिरच्या आणि लसूण तेलात परतून आधी बडग्यात कुटायचे, मग वांगी घालून मुसळानं ठेचायची. मिक्सर नको. बिया वाटल्या गेल्या की भरीत कडवट आणि चिकट होतं. मोठ्या कढईत उरलेल्या तेलात शेंगदाणे, पात आणि ठेचलेलं वांगं एवढंच परतायचं. पात शेवटी घाला, ती हिरवी दिसली पाहिजे.

कळण्याचं पीठ 2 किलो: ज्वारी 4 भाग, सालासकट उडीद 1 भाग, मीठ घालून दळलेलं. उडदामुळेच ते पीठ धरून राहतं. कोमट पाण्यात अर्धा-अर्धा किलोच भिजवा. एकदम सगळं भिजवलं की शेवटचा गोळा सैल पडतो आणि पुऱ्या तेल पितात. तळायला तेल 2 लिटर. एक जण थापायला, एक तळायला आणि एक पीठ भिजवायला, अशी तीन माणसं पुऱ्यांवरच लागतात. सगळे वांग्याभोवती गोळा होतात आणि पुऱ्या एकटीच्या अंगावर पडतात, असं होऊ देऊ नका.

ठिबकवाला_रावेर

जाळाबद्दल मी सांगतो, कारण मित्राच्या मळ्याचं नुकसान इथेच होतं.

ठिबकच्या नळ्या प्लास्टिकच्या असतात. शेकोटीची आच बाजूनं लागली तरी मऊ पडतात, ठिणगी पडली की भोक. दुसऱ्या दिवशी पाणी सोडल्यावर त्या भोकातून कारंजं उडतं आणि पुढच्या झाडांना दाब मिळत नाही. केळीची वाळलेली पानं खोडाला लोंबकळत असतात, ती तर कागदासारखी पेटतात. बागेपासून आणि नळ्यांपासून किमान 15 मीटर लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, म्हणजे वारा बागेकडून जाळाकडे येईल अशा बाजूला, उघड्या जमिनीवर जाळ करा. थंडीत वारा बहुतेक उत्तरेकडून किंवा पूर्वेकडून असतो, तरी त्या दिवशी माती उधळून बघा. जाळाभोवती 2 मीटर काडी-कचरा झाडून काढा, शेजारी पाण्यानं भरलेल्या 2 बादल्या ठेवा.

ओट्यावर जाळ करू नका. सिमेंटमध्ये ओल असते, तापल्यावर कपच्या उडतात आणि डोळ्यात जाऊ शकतात. चुलीला नाल्यातले दगड आणू नका, त्याच कारणानं. कोरड्या जागचे दगड किंवा विटा घ्या. झोपताना राखेत पाणी ओतून काठीनं ढवळा, परत ओता. हात जवळ नेऊन ऊब लागत नाही, तोवर जाळ विझला असं धरू नका.

पाणी: पिण्याला आणि स्वयंपाकाला 20 लिटरचे 6 जार न्या. बोअर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. शेतीची थ्री फेज वीज पाळीपाळीनं कधी दिवसा, कधी रात्री असते. त्या आठवड्यात कोणती पाळी आहे ते मित्राला आधी विचारा आणि वीज असताना टाकी भरून ठेवा.

आणखी एक, हे शहरातून येणाऱ्यांना माहीत नसतं. ठिबकच्या नळीचं किंवा फिल्टरजवळच्या नळाचं पाणी तोंडात घालू नका. व्हेंचुरीतून (खत पाण्यात ओढून घेणाऱ्या जोडणीतून) त्याच लाइनीत विद्राव्य खतं सोडतात. वापरायचं पाणी मोटारीच्या डिलिव्हरीतून (पाणी बाहेर पडतं त्या पाइपातून), व्हेंचुरीच्या अलीकडूनच घ्या. मळ्यात पडलेला कुठलाही रिकामा डबा पाण्याला वापरू नका, तो औषधाचा असू शकतो. मुलांना हे पोचल्याबरोबर सांगा.

केळीच्या खोडाला झोळी किंवा झोका बांधू नका. ते लाकूड नाही, पानांच्या देठांची गुंडाळी आहे. मुळं उथळ, वर घडाचं वजन. झाड घडासकट आडवं होतं. निंबाला किंवा आंब्याला बांधा. केळीचा चीक कपड्याला लागला तर तपकिरी डाग कायमचा राहतो, म्हणून बागेत जुने कपडे.

गाड्या रस्त्याच्या कडेला, तोंड बाहेर करून लावा. नुकतं पाणी दिलेल्या काळ्या मातीत चाक रुतलं की ट्रॅक्टरशिवाय निघत नाही.

तापीकाठ

बडगी_मुसळ आणि ठिबकवाला दादा, दोघांचेही मनापासून आभार. व्हेंचुरीची गोष्ट आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हती. दिवसा ऊन आणि रात्री थंडी, त्यात बाहेर झोपायचं, याचं कुणी सांगेल का? आमच्यात 6 जणी आहेत. खोली त्यांना आणि मुलांना द्यायची असं ठरवलंय.

सातपुडा_पायवाट

दुपारी तुम्ही अर्ध्या बाह्यांत फिराल आणि पहाटे पारा 10 च्या खाली गेलेला असेल. जळगाव भागात जानेवारीत हे नेहमीचंच. लोक अंगावर घ्यायला दोन-दोन पांघरुणं आणतात आणि खाली एक चादर अंथरतात. थंडी खालून चढते. खाली ताडपत्री, तिच्यावर जाड सतरंजी किंवा गादी, मग अंथरूण. अंगावर एक रजई आणि कानटोपी पुरते.

जागा निवडताना नाल्याकाठ आणि पाणी दिलेली बाग टाळा. थंड हवा सखल भागात साचते, ओल्या जमिनीवर दव जास्त पडतं. खळ्यासारखी उंच, कोरडी, मोकळी जागा बघा आणि डोक्यावर ताडपत्री ताणा. तंबू आणणार असाल तर दोन्ही बाजूंच्या जाळ्या उघड्या ठेवा. पूर्ण बंद केला की श्वासाची वाफ कापडाला लागून पहाटे अंगावर थेंब पडतात.

शेगडी किंवा घमेल्यातले निखारे खोलीत किंवा तंबूत नेऊ नका. कितीही थंडी असो. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही, झोपेतच माणूस जातो. खोलीत बाया आणि मुलं झोपणार आहेत आणि कुणीतरी मायेनं निखारे नेऊन ठेवतं, म्हणून मुद्दाम लिहितो.

सापाबद्दल घाबरवायचं नाही, पण नीट समजून घ्या. थंडीत साप कमी फिरतात, तरी धान्य, उंदीर आणि कडबा जिथे, तिथे ते असतात. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. तिच्या दंशाला सूज किंवा वेदना फारशी नसते, त्यामुळे माणूस परत झोपी जातो. पहाटे पोटात दुखणं, पापण्या जड होऊन मिटणं, गिळता न येणं, असं काही दिसलं तर डाग शोधत बसू नका, लगेच दवाखाना गाठा. बाजा मिळत असतील तर बाजेवर झोपा, मच्छरदाणी लावून तिच्या कडा गादीखाली खोचा. मच्छरदाणी इथे डासांपेक्षा याच्यासाठी. कडब्याच्या गंजीला लागून अंथरूण टाकू नका, जुना कडबा खाली पसरू नका. विंचू त्यातच असतात. बूट उलटे करून झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही. रात्री उठताना बॅटरी आणि पायात बूट, चप्पल नाही.

दंश झालाच तर कापू नका, चोखू नका, दोरी आवळू नका. अंगठी, बांगडी, कडं काढा, तो हात किंवा पाय काठी बांधून स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका. 108 ला फोन करा, किंवा गाडी तयार असेल तर थेट निघा. जवळच्या कोणत्या सरकारी रुग्णालयात सर्पदंशाची लस आहे, ते निघायच्या आधी फोन करून विचारून ठेवा. रात्री एक माणूस आणि एक गाडी निघण्याच्या तयारीत असलीच पाहिजे. तो माणूस त्या रात्री पिणार नाही, हे आधीच ठरवा.

रविवारच्या फिरण्याबद्दल: तिन्ही ठिकाणं एका सकाळी होणार नाहीत, आणि मग बट्टी 4 वाजता. पाल यावल अभयारण्यात येतं, घाटाचा रस्ता, त्याला पूर्ण दिवस द्या. अभयारण्यात कुठेही चूल पेटवायची नाही. मनुदेवीचा धबधबा पावसाळ्यातला, जानेवारीत तिथे धार बारीक असते. देवीचं दर्शन घ्यायचं असेल तर जा. तुमच्या बेताला हतनूर सगळ्यात सोयीचं. तापीवरचं 41 दरवाज्यांचं धरण, आणि हिवाळ्यात त्याच्या फुगवट्यावर चक्रवाक, थापट्या अशी पाहुणी बदकं उतरलेली असतात. 7 ला पाण्याकाठी पोचा, 8×42 ची एक दुर्बीण आणा, गडद रंगाचे कपडे घाला, आवाज करू नका. 9 नंतर ऊन चढलं की बदकं आत, मधल्या पाण्यावर जातात आणि नुसते ठिपके दिसतात. साडेदहाला मळ्यात परत.

गोवरी_बट्टी

बट्टीचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. जाडसर दळलेले गहू 2 किलो, मका अर्धा किलो, मोहन पाव किलो, ओवा 2 मोठे चमचे, हळद, मीठ. पीठ पुरीपेक्षा घट्ट मळा, अर्धा तास झाकून ठेवा. मोठ्या लिंबाएवढे गोळे, 50 ते 60 होतील. तूरडाळ 1 किलो, तूप पाऊण किलो.

गोवऱ्या पूर्ण वाळलेल्या 35. ओली गोवरी धूर करते आणि तो वास बट्टीत उतरतो. 11 ला पेटवा. ज्वाळा आणि धूर दोन्ही थांबेपर्यंत, साधारण 40 मिनिटं, बट्टी लावायची नाही. घाई केली की बाहेरून काळी आणि आत कच्चं पीठ, ही नेहमीची चूक. मग निखारे पसरून बट्ट्या मांडा, गरम राखेनं झाका, 25 ते 30 मिनिटांत दोनदा फिरवा. तडा गेला आणि फोडल्यावर आत कोरडी निघाली की झाली. फडक्यात झटकून, दाबून फोडून गरम असतानाच तुपात बुडवा. थंड बट्टी तूप पीत नाही.

तुमच्याकडे आदल्या रात्रीची वांगी उरली तर त्यांची घोटलेली भाजी होते, पण भाजलेली नाही, कच्ची उरली तरच. म्हणून भरताशिवाय 2 किलो वांगी वेगळी बांधून ठेवा.