मदत हवी आहे: आउटफॉलजवळ कृत्रिम रीफ, कोणता ब्लॉक घ्यावा?

समुद्रमेघ
घाईत आहे, म्हणून थेट विचारतो. आमच्या पाइपलाइनच्या टोकाशी कृत्रिम रीफ, म्हणजे जलचरांना राहायला पाण्याखाली मांडलेली रचना, करायचं ठरलंय. वरून एवढंच सांगितलं की जैवविविधता वाढली पाहिजे, आणि फाइल माझ्याकडे आली. पुढच्या आठवड्यात टिपण द्यायचंय. पोकळ घुमट, भोकांचे क्यूब, एकावर एक रचलेल्या चौकटी, जुनी जहाजं, सगळं वाचून झालं. जो तो आपलंच उत्तम म्हणतो. प्रश्न एकच आहे: आकार कोणता आणि नग किती? लिंका नकोत, त्या मला सापडतात. ज्यांनी स्वतः काम केलंय त्यांनी सांगा.

लाटेवरचा
पोकळ घुमट घ्या, दुसरं काही बघू नका. बूड जड असतं म्हणून लाटेत उलटत नाही. आत पोकळी असल्यामुळे लहान माशांना लपायला जागा मिळते, आणि भोकांमधून पाणी फिरत राहिल्याने आत गाळ साचत नाही. साच्यात हवेचा फुगा ठेवून ओततात, त्यामुळे जागेवरसुद्धा बनवता येतात. आम्ही टाकले त्या ठिकाणी पहिल्याच हंगामात माशांचे थवे आले. सुरुवात पन्नास नगांनी करा.

जुनाअभियंता
लाटेवरचा, पन्नास हा आकडा कशावरून? त्यांनी अजून काहीच सांगितलेलं नाही.
समुद्रमेघ, आधी हे सांगा: पाणी गोडं की खारं? पाइप पाणी आत घेणारा की बाहेर सोडणारा? बाहेर सोडत असाल तर काय सोडता? खोली किती? तळाला खडक, वाळू की चिखल? लाटांचा मारा किती? एवढं कळल्याशिवाय आकाराबद्दल बोलण्यात अर्थ नाही.

समुद्रमेघ
शीर्षकात आउटफॉल, म्हणजे पाणी बाहेर सोडणारा पाइप, लिहिलंय की. समुद्र आहे. समुद्राचं पाणी गोडं करणारा डिसॅलिनेशन प्लँट आहे. टोकाशी खोली १८ मीटर, तळाला वाळू. आता आकार सांगाल का?

शिंपला
काँक्रीटच्या मागे का लागता? पोलादी सळ्यांची चौकट करा आणि तिच्यातून कमी दाबाचा डीसी प्रवाह सोडा. समुद्राच्या पाण्यातला चुना सळ्यांवर आपोआप जमतो आणि चौकट वर्षागणिक मजबूत होत जाते. वुल्फ हिल्बर्ट्झ यांनी १९७० च्या दशकात ही पद्धत काढली. बालीतल्या पेमुतेरानला २००० पासून अशा चौकटी आहेत, त्यांच्यावर प्रवाळ वाढलंय. तुमच्याकडे प्लँट आहे म्हणजे विजेचा प्रश्नच नाही.

जुनाअभियंता
शिंपला, पद्धत चांगली आहे, जागा चुकीची आहे. आउटफॉलच्या पाइपमध्ये, फ्लँजमध्ये (पाइपचा जोड) किंवा डिफ्यूझरमध्ये (पाणी फवारून सोडणारं टोक) धातू असेल आणि त्याला कॅथोडिक प्रोटेक्शन, म्हणजे गंज रोखणारी विद्युत व्यवस्था, असेल, तर शेजारी दुसरा डीसी प्रवाह सोडणं म्हणजे गंजाला रस्ता मोकळा करून देणं. भटका प्रवाह पाइपमध्ये जिथून शिरतो तिथे काही होत नाही, जिथून बाहेर पडतो तिथे धातू खातो.

शिंपला
अंतर ठेवलं तर काही होत नाही. आणि प्रत्येक पाइप धातूचा नसतो, आता एचडीपीई, म्हणजे टणक प्लास्टिकच, जास्त वापरतात.

जुनाअभियंता
म्हणूनच विचारतोय, पाइप कशाचा आहे? त्यांनी तेही सांगितलेलं नाही.

नितळ
नमस्कार. प्रवाळाचे तुकडे लावण्याबद्दल थोडं सांगते. तुकडा बोटाएवढा घ्यावा, तुटलेली बाजू खाली ठेवून इपॉक्सी किंवा सिमेंटने पक्का बसवावा. रोपवाटिकेत दोरीला टांगून वाढवले तर गाळ बसत नाही. आधी सावलीच्या खोलीत ठेवा, एकदम उथळ उन्हात आणले तर पांढरे पडतात. पहिले काही महिने ब्रशने शेवाळ काढावं लागतं. कोणाला हवं असेल तर वेळापत्रक देईन.

समुद्रमेघ
नितळताई, धन्यवाद, पण आमच्याकडे प्रवाळ नाही. पाणी थंड आहे.
जुनाअभियंता काका, पाइप एचडीपीईचा, डिफ्यूझरचे राइजर, म्हणजे उभे नळ, स्टीलचे. पाइपवर दगडांचं आच्छादन आहे.

पाणबुडी_माधवी
डायव्हिंग सर्व्हे हे माझं काम आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

तुमच्या डिफ्यूझरमधून ब्राइन, म्हणजे गोडं पाणी काढून उरलेलं जास्त खारट पाणी, बाहेर पडतं. समुद्राचं पाणी हजाराला ३५ भाग खारं धरलं आणि त्यातलं निम्मं गोडं करून काढून घेतलं, तर उरलेलं जवळपास दुप्पट खारं असतं. ते जड असल्यामुळे तळाशी बसू पाहतं. म्हणून डिफ्यूझरची तोंडं बहुतेक तिरकी वर केलेली असतात, साधारण ६० अंशांत. फवारा वर चढताना आजूबाजूचं पाणी ओढून घेतो, आणि खाली येईपर्यंत खारटपणा पातळ होतो. कॅलिफोर्नियाचा २०१५ चा नियम असा आहे की विसर्गापासून १०० मीटरच्या हद्दीवर खारटपणा नैसर्गिक पातळीपेक्षा हजारात २ भागांहून जास्त चढता कामा नये. हे गणित बसतं ते फवाऱ्याला मोकळं पाणी मिळतं म्हणून.

त्या पाण्यात तुम्ही घुमट उभे केलेत तर फवाऱ्याला ओढून घ्यायला पाणी कमी पडेल, आणि ब्लॉकच्या मागे खारट पाण्याची डबकी साचतील. कालवं, नळीतले किडे हलू शकत नाहीत. खारटपणात मरायचं तर तेच आधी मरतील. मासा पोहून निघून जातो, म्हणून व्हिडिओत सगळं छान दिसतं.

तेव्हा आकार नंतर बघू. रीफ डिफ्यूझरपासून किती लांब आणि प्रवाहाच्या कोणत्या बाजूला, हे आधी ठरवा.

काळाखडक
जुनं जहाज मिळालं तर सोन्याहून पिवळं. अमेरिकेने ओरिस्कनी ही अख्खी विमानवाहू नौका २००६ मध्ये फ्लोरिडाच्या पेन्साकोलासमोर बुडवली. आज डायव्हिंग करणारे जगभरातून तिथे जातात. उंची असल्यामुळे वर एक तऱ्हेचे मासे, खाली दुसऱ्या तऱ्हेचे. आणि जुने टायर फुकट मिळतात, तेही बांधून टाकता येतील.

पाणबुडी_माधवी
टायर नाव सुद्धा काढू नका! फ्लोरिडातच, फोर्ट लॉडरडेलसमोर, १९७२ मध्ये ऑसबर्न रीफ म्हणून सुमारे वीस लाख टायर टाकले होते. बांधलेल्या पट्ट्या तुटल्या, वादळांत टायर सुटले आणि जवळच्या खऱ्या प्रवाळावर जाऊन घासत राहिले. टायरवर फारसं काही वाढलंही नाही. ते बाहेर काढायचं काम वर्षानुवर्षं चाललंय. जी वस्तू पहिल्या मोठ्या वादळात जागा सोडेल तिला रीफ म्हणायचं नाही, माझ्यासाठी हा पहिला नियम आहे.
जहाज १८ मीटर खोलीत ठेवलं तर वर किती पाणी उरेल? बोटींचं काय? शिवाय आधी तेल, रंग, केबल, पीसीबी ही विषारी रसायनं, सगळं साफ करावं लागतं. लंडन कन्व्हेन्शन (समुद्रात कचरा टाकण्याविरुद्धचा करार) आणि यूएनईपी (संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम) यांनी २००९ मध्ये कृत्रिम रीफसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांचा सगळा रोख याच्यावर आहे की रीफच्या नावाखाली समुद्रात कचरा टाकला जाऊ नये.

लाटेवरचा
माधवीताई, तुम्ही फारच घाबरवताय. सिडनीच्या डिसॅलिनेशन प्लँटचा अभ्यास झालाय. विसर्ग चालू असताना आउटफॉलपाशी मासे कमी झाले नाहीत, उलट भरपूर वाढले. म्हणजे ब्राइन आणि रीफ एकत्र नांदू शकतात.

पाणबुडी_माधवी
तो अभ्यास मला माहीत आहे, आणि पुढचं वाक्यही सांगायला हवं. विसर्ग थांबल्यावर मासे बरेचसे पूर्वीच्या पातळीला आले. याचा अर्थ ते तिथे वाढले नव्हते, पाण्याच्या हालचालीकडे ओढले गेले होते. त्याच जागी अचल जीवांवर वेगळा अभ्यास झाला. स्पंज, ब्रायोझोअन (थरासारखे वाढणारे सूक्ष्म जीव), नळीतले किडे कमी झाले आणि बार्नॅकल (खडकाला चिकटणारे कवचाचे जीव) वाढले. त्याचं कारणही खारटपणापेक्षा फवाऱ्याने बदललेला प्रवाह हेच मुख्यतः निघालं.
रीफमुळे मासे निर्माण होतात की नुसते आजूबाजूचे गोळा होतात, हा वाद जेम्स बोन्सॅक यांनी १९८९ मध्ये नीट मांडला होता. तुमचे पहिल्या हंगामातले थवे कुठून आले असतील? एका हंगामात पिल्लं जन्मून थवा तयार होत नाही. शेजारच्या खडकावरचे आले.

लाटेवरचा
आले तर आले, पण टिकले ना? निवारा मिळाल्यावर लहान मासे जगण्याचं प्रमाण वाढतं, तीही निर्मितीच. आणि मासेमारी बंद ठेवली की गोळा झालेले मासे तिथेच अंडी घालतात. तुम्ही सगळेच मासे नुसते ओढले गेले म्हणून खोडून काढता हे मला पटत नाही.

पाणबुडी_माधवी
मासेमारी बंद ठेवली तर, हे बरोबर, मान्य. नाहीतर विखुरलेले मासे एका जागी गोळा करून जाळ्याच्या तोंडी देणं होतं.

सागरगोटा
मी तलावावर काम करतो. आमच्या बंधाऱ्याच्या पाण्यात तरंगती बेटं सोडायची आहेत, मुळांखाली मासे येतात म्हणे. कोणी केलीत का? की झाडांच्या फांद्यांचे गठ्ठे बुडवलेले बरे?

जुनाअभियंता
सागरगोटा, वेगळा धागा काढा, नक्की लिहीन. एवढंच आत्ता सांगतो: गोड्या पाण्यात कडक पृष्ठभाग वाढवण्याआधी तुमच्या पाणलोटात परके शिंपले आहेत का ते तपासा. ब्राझील-पराग्वेच्या सीमेवरच्या इताइपू धरणात २००१ मध्ये सोनेरी शिंपले पोचले आणि जाळ्या, पाइप, कूलिंगचं पाणी यांच्यामागे कायमचं काम लागलं.

समुद्रमेघ
हे वाचून एक विचारायचंय. आमचा इनटेक, म्हणजे पाणी आत घेणारं तोंड, त्याच किनाऱ्यावर आहे, आउटफॉलपासून साधारण ४०० मीटर. याचा काही संबंध येतो का? मागे जेलीफिशमुळे इनटेकची स्क्रीन, म्हणजे जाळी, बुजून प्लँट बंद ठेवावा लागला होता, म्हणून विचारतो.

जुनाअभियंता
संबंध येतो का? समुद्रमेघ, हीच सगळ्यात महत्त्वाची माहिती होती, पहिल्या पोस्टमध्ये यायला हवी होती.

जेलीफिश आयुष्याचा एक टप्पा पॉलिप म्हणून काढते, कडक पृष्ठभागाला खालच्या बाजूने चिकटून. वाळूवर तिला चिकटता येत नाही. घुमटाच्या आतलं छत, चौकटीची सावलीतली बाजू, या तिच्या आवडीच्या जागा. म्हणजे जिथे नुसती वाळू आहे तिथे पोकळ ब्लॉक मांडून, त्याच किनाऱ्यावर तुम्ही तिला घर देताय. स्वीडनमधल्या ऑस्कर्सहाम्नच्या अणुभट्टीला २०१३ मध्ये मून जेलीफिश इनटेकमध्ये शिरल्यामुळे थांबावं लागलं होतं. तुमच्याकडे एकदा झालंय. रीफमुळे पुन्हा होईलच असं म्हणत नाही, पण ही शक्यता टिपणात नसेल तर ते टिपण अपुरं आहे.

दुसरं, इनटेकच्या तोंडाशी पाण्याचा वेग. सेकंदाला ०.१५ मीटरच्या आत असेल तर बहुतेक मासे पोहून सुटतात, अमेरिकेच्या २०१४ च्या नियमातही हीच मर्यादा एक पर्याय म्हणून आहे. अंडी आणि अळ्या मात्र सुटत नाहीत, त्या जाळीतून थेट आत जातात. रीफवर अंडी घातली गेली आणि प्रवाहाने ती इनटेककडे नेली, तर एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने प्लँटच गिळणार.

माझं स्पष्ट मत: नवा रीफ टाकूच नका. पाइपवर दगडांचं आच्छादन आहे म्हणालात. म्हणजे रीफ आधीच आहे, फक्त ओबडधोबड. डिफ्यूझरपासून लांब, किनाऱ्याकडच्या भागात त्यातच सुधारणा करा. एकाच मापाच्या दगडांत एकाच मापाच्या फटी राहतात. लहानमोठे दगड मिसळले की फटी वेगवेगळ्या होतात आणि वेगवेगळे जीव येतात. काँक्रीट वापरायचं तर खडबडीत, खाचा असलेलं. सिएटलने २०१७ मध्ये नवी समुद्रभिंत पूर्ण केली, तिच्यात असे पोत आणि कट्टे आहेत. वरच्या पादचारी मार्गात काचेचे ठोकळेही बसवलेत, कारण सॅमनची पिल्लं काळोखाखालून जायला कचरतात. सिडनीत २०१८ पासून जुन्याच भिंतींवर खाचांचे पॅनल बसवतात. दोन्हीकडे असलेल्या बांधकामाचाच उपयोग केलाय.

लाटेवरचा
इनटेक इतका जवळ असेल तर घुमट नकोत, हे मलाही पटतं. दगडात तेवढी छतं नसतात. पण खाचांमध्येसुद्धा पॉलिप बसतात, काका.

जुनाअभियंता
बसतात. म्हणून लगेच सगळं करू नका, आधी थोडं लावून बघा असं म्हणतो.

पाणबुडी_माधवी
तेच लिहायला आले होते. आधी मोठ्या वहीच्या आकाराच्या काँक्रीटच्या प्लेटा टांगा, काही गुळगुळीत, काही खाचांच्या, काही आडव्या म्हणजे खालची बाजूही मोजता येईल. काही आउटफॉलच्या बाजूला, काही इनटेकच्या बाजूला, आणि काही दोघांपासून लांब, तुलनेसाठी. वर्षाचे सगळे ऋतू जाऊ द्या. दर काही आठवड्यांनी फोटो काढा. पॉलिप बसतात का, परकी प्रजाती येते का, काय टिकतं, हे प्लेटच सांगेल. ताजं काँक्रीट फार अल्कधर्मी असतं, पीएच १२-१३, आणि समुद्राचा ८ च्या थोडा वर. स्लॅग (लोखंडाच्या भट्टीतली मळी) मिसळलेलं सिमेंट घ्या आणि प्लेटा आधी पाण्यात मुरवा, नाहीतर पहिले महिने फक्त चिवट शेवाळ दिसेल.
आणि सर्व्हे आत्ताच सुरू करा. आधीची मोजणी नसेल तर नंतर वाढ झाली असं कोणी म्हणू शकणार नाही, तुमचे वरचेही नाहीत.

समुद्रमेघ
वरच्यांना यंदाच काहीतरी समुद्रात उतरलेलं दाखवायचंय. वर्षभर प्लेटा टांगायच्या असं लिहिलं तर फाइल दुसऱ्याकडे जाईल.

पाणबुडी_माधवी
प्लेटाही समुद्रातच उतरतात. पहिला टप्पा म्हणून लिहा: प्लेटा, आधीचा सर्व्हे, आणि किनाऱ्याकडच्या आच्छादनाच्या एका छोट्या तुकड्यात दगड मिसळणं. दगड टाकताना एचडीपीई पाइपवर किती वजन येतं ते तुमच्या डिझाइनवाल्यांकडून लेखी घ्या. राइजर आणि अ‍ॅनोडपाशी (गंज रोखायला लावलेले धातूचे तुकडे) डायव्हरला पोचता येईल एवढी जागा मोकळी सोडा, आम्हाला तिथे तपासणीला उतरायचं असतं.

समुद्रमेघ
असं चालेल. टिपणात दोन्ही टोकांचा नकाशा आणि मध्ये प्रवाहाची दिशा टाकतो. मसुदा झाला की इथे देतो, बघून सांगा.

जुनाअभियंता
प्रवाहाची दिशा एकाच महिन्याची देऊ नका. ऋतूप्रमाणे उलटत असेल तर आज जी बाजू सुरक्षित वाटतेय तीच इनटेकच्या वरच्या अंगाला येईल.