नगरसेवकाला मत देताना मंडळाचं काम बघायचं की पालिकेतलं?

जुना रहिवासी (धागाकर्ता)
२ डिसेंबर २०२५ ला नगरपालिकेचं मतदान आहे. एक मत थेट नगराध्यक्षाला आणि दोन आपल्या प्रभागातल्या अ आणि ब जागेला. आमच्याकडे ब जागेवर एक तरुण उभा आहे, त्याचं पत्रक काल दारात आलं आणि ते पूर्ण वाचून मला हा धागा काढावासा वाटला. मंडळाचा अध्यक्ष, दरवर्षी रक्तदान शिबिर, वह्यावाटप, दहावीच्या मुलांचा सत्कार, आषाढीला पंढरपूरची बस. सगळं खरं आहे, मी स्वतः बघितलंय. शपथपत्र पण काढून वाचलं, गुन्हा एकही नाही. माणूस चांगला आहे याबद्दल वादच नाही.

पण पालिका हा शब्द अख्ख्या पत्रकात फक्त "पालिका निवडणूक" एवढ्यापुरता आलाय. राज्यातल्या बहुतेक नगरपालिकांची मुदत २०२१ च्या शेवटी नाहीतर २०२२ च्या सुरुवातीला संपली आणि तेव्हापासून प्रशासक बसलाय. ना नगरसेवक ना सभा, टेंडर काढायचं की नाही हे एकटा अधिकारी ठरवतो. खरा कार्यकर्ता ओळखायचा तर याच काळातलं बघावं असं माझं ठाम मत आहे. प्रभागरचनेवर हरकती मागवल्या होत्या तेव्हा याने हरकत दिली का? पाण्याच्या टाकीचं काम रखडलं त्याची कागदपत्रं माहितीच्या अधिकारात मागितली का? खुर्ची नसताना जो पालिकेच्या दारात गेला नाही तो खुर्ची मिळाल्यावर तिथे नेमकं काय करणार?

रात्रपाळी
दादा, मान्य नाही. एप्रिल २०२१ आठवा. ऑक्सिजन सिलिंडरसाठी लोक वणवण फिरत होते तेव्हा हाच पोरगा रात्री दोनला फोन उचलत होता, माझ्या शेजारच्या काकांना यानेच गाडी करून जिल्ह्याला नेलं. तुम्ही म्हणता तो माहिती अधिकाराचा अर्ज पदवी झालेला कुणीही घरी बसून लिहितो, पण माणूस मरायला टेकलाय तेव्हा दारात कोण येतं हे बघूनच आम्ही मत देणार. नगरसेवक म्हणजे वॉर्डातला पहिला फोन. गटार तुंबलं, लाईट गेली, दाखल्याला सही पाहिजे, मयतीला शववाहिका पाहिजे, यातलं काही अर्थसंकल्प वाचून होत नाही.

जुना रहिवासी
भाऊ, ते उपकार कुणीच विसरणार नाही. पण गटार दरवर्षी त्याच ठिकाणी का तुंबतं? कारण नवीन पाईपलाईनचा ठराव होत नाही, झाला तर तरतूद होत नाही, आणि तरतूद झाली तर काम कुणी तपासत नाही. हे तिन्ही सभागृहात होतं. फोन उचलणारा नगरसेवक माणूस पाठवून ते गटार उपसून देईल आणि पुढच्या पावसात तुम्ही परत फोन कराल.

कोर्टकचेरी
कायद्याचं थोडं सांगतो कारण इथे गैरसमज दिसतोय. निवडणूक लढवायला वय २१, मतदार यादीत नाव आणि अपात्रता नसणं एवढं पुरतं. अपात्रतेत पालिकेच्या ठेक्यात हितसंबंध, नोटीस देऊनही न भरलेली थकबाकी, दोनपेक्षा जास्त अपत्यं अशा गोष्टी येतात. पालिकेच्या कारभाराचा अनुभव कुठेच मागितलेला नाही आणि माझ्या मते ते बरोबरच आहे. गंमत म्हणजे राज्यघटनेत असा अनुभव किंवा विशेष ज्ञान लिहिलंय ते स्वीकृत सदस्यांसाठी, म्हणजे निवडून न येता नेमले जाणाऱ्यांसाठी, ज्यांना सभेत मतदानाचा हक्कच नाही. म्हणजे जाणकार सल्ला देतील आणि निर्णय लोकांचा माणूस घेईल अशी रचना आहे. ती स्वीकृतची जागा पक्ष पडलेल्या उमेदवाराला देऊन टाकतात हा राग असेल तर तो पक्षावर काढा, ब जागेवरच्या पोरावर का?

ठेक्याचं मात्र विचाराच. स्वतःच्या नावावर ठेका नसला तरी मंडळाच्या वर्गणीतले मोठे आकडे कुणाचे असतात ते पावतीपुस्तकात दिसतं. गणपतीला मंडप आणि लाईटिंगचा खर्च ज्याने उचलला तोच उद्या रस्त्याचं टेंडर भरणार असेल तर आपला चांगला माणूस त्याच्या बिलावर आक्षेप घेईल का?

रात्रपाळी
हे बरंय, आता वर्गणीचाही हिशोब काढा. शिक्षित मंडळी पाच वर्षं घराबाहेर पडत नाहीत आणि निवडणूक आली की कार्यकर्त्याची परीक्षा घेतात. तुम्हाला सगळं कळतं ना, मग तुम्ही का नाही भरला अर्ज?

बचतगट ताई
भांडण ब जागेवरच चाललंय, अ जागेचं कुणी बोलतच नाही. ती महिलांसाठी राखीव आहे. राज्यात स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांना २०११ पासून आहेत, तरी आमच्या प्रभागात एका उमेदवार बाईच्या पत्रकावर तिच्यापेक्षा नवऱ्याचा फोटो मोठा आणि "सामाजिक कार्य" या मथळ्याखाली सगळं नवऱ्याचंच. बाईने काय केलं एक ओळ नाही! याचा मला मनापासून संताप येतो.

दुसरी जी उभी आहे ती आमच्या गटाची सचिव होती. मंडळवाल्यांसारखे तिचे फ्लेक्स नाहीत. पण दर महिन्याची बैठक, हजेरी, बचत, कुणाला कर्ज द्यायचं कुणाला थांबवायचं, बँकेत जाऊन मॅनेजरसमोर बसायचं, हप्ता थकला तर त्याच बाईच्या घरी जाऊन न भांडता वसूल करायचं आणि सगळं वहीत लिहून सगळ्यांसमोर वाचून दाखवायचं, हे तिने वर्षानुवर्षं केलंय. रात्रपाळी दादांना पाहिजे तो लोकांतला माणूस पण तीच आणि हिशोब कळणारी पण तीच. समाजकार्य म्हणजे फक्त वाटप आणि शिबिर असं तुम्ही दोघांनी धरून चाललाय.

जुना रहिवासी
ताई, हे पटलं. पैशाचा हिशोब लोकांसमोर वाचायची सवय हाच अनुभव मी मागतोय, तो पालिकेतच मिळावा असं नाही. म्हणूनच ब जागेवाल्याला माझा प्रश्न तोच राहतो, मंडळाचा जमाखर्च कधी चौकात लावला का?

आणि रात्रपाळी भाऊ, अर्ज भरला नाही म्हणून प्रश्न विचारायचा हक्क जात नाही. घरपट्टी मी पण भरतो.

रात्रपाळी
विचारा की. रविवारी संध्याकाळी चौकात त्याची बैठक आहे, माईक घ्या आणि सगळ्यांसमोर विचारा. मी तिथेच असेन, माझं मत त्यालाच आहे, पण जमाखर्च लावला नसेल तर तो का नाही लावला हे त्याने तिथेच सांगावं असं मी पण म्हणेन.

बचतगट ताई
रविवारी सहाला आमची गटाची बैठक असते. ती उरकून आम्ही सगळ्याजणी येतो, आणि अ जागेवरच्या दोघींनाही तिथे बोलवा, नवऱ्यांना नको.