लुइव्हिलच्या संघाला किती वेळ द्यावा?

प्रश्न (एप्रिल २०२४): अमेरिकेतील लुइव्हिल विद्यापीठाच्या पुरुष बास्केटबॉल संघाने गेल्या हंगामात ४ सामने जिंकले आणि २८ गमावले, यंदा ८ विजय मिळाले, तर २४ पराभव पदरी पडले. १९८० आणि १९८६ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवलेल्या या संघाच्या सामन्यात रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा पाहून जीव तुटतो. नवे प्रशिक्षक पॅट केल्सी यांना किती हंगाम द्यावेत?

उत्तर १: पूर्वी शाळेतून आलेली मुले तयार होईपर्यंत तीन-चार वर्षे थांबावे लागे, आता ट्रान्सफर पोर्टलमुळे (विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंच्या नोंदणीमुळे) अनुभवी खेळाडू एकाच उन्हाळ्यात मिळतात. त्यामुळे पहिल्याच वर्षी निम्म्याहून अधिक विजयांची अपेक्षा मला रास्त वाटते.

उत्तर २: मला तसे वाटत नाही. एकमेकांना अनोळखी असलेले खेळाडू बचावात एकमेकांची जागा सांभाळायला शिकेपर्यंत काही महिने जातात, तोवर निकालापेक्षा सुटलेल्या चेंडूवर कोण झेप घेतो, हे पाहावे.

उत्तर १ (मार्च २०२५): २७ विजय, ८ पराभव! इतकी आशा मीही धरली नव्हती. लेक्सिंग्टन शहरात क्रेटन विद्यापीठाकडून ८९-७५ असे हरल्याचे दुःख आहेच, पण राष्ट्रीय स्पर्धेतील पराभवाबद्दल हळहळता येणे हेच किती दिवसांनी घडले!