आर्डुइनोच्या जोडीला मल्टिमीटर

सॉफ्टवेअरमधून इलेक्ट्रॉनिक्सकडे आलेल्यांनी आर्डुइनोपासून, म्हणजे कोडने चालवता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डापासून, सुरुवात करावी, ही सूचना योग्यच आहे. तिच्यात थोडी भर घालतो. प्रोग्रॅमरला शून्य आणि एक यांची सवय असते, परंतु बोर्डाच्या पिनवर (जोडणीच्या टोकावर) प्रत्यक्षात असते ते व्होल्टेज, आणि कोठेही न जोडलेली इनपुट पिन शून्यच वाचेल असे नाही, ती आसपासच्या विद्युत गोंगाटानुसार काहीही वाचते. त्यासाठी पुल-अप रेझिस्टर, म्हणजे पिनला पुरवठ्याच्या व्होल्टेजशी जोडून ठेवणारा रोधक, लागतो. ऊनो या आर्डुइनो बोर्डाच्या चिपमध्ये तो आतच असून कोडच्या एका ओळीने चालू करता येतो.

व्होल्टेजच्या पातळ्या जुळवणे मात्र कोडने होत नाही. ऊनो ५ व्होल्टवर चालतो, ईएसपी३२ ही दुसरी चिप ३.३ व्होल्टवर, त्यामुळे एचसी-एसआर०४ या अंतरमापक सेन्सरची ५ व्होल्टची एको पिन (सेन्सरचा संकेत बाहेर देणारी) ईएसपी३२ला थेट न जोडता, मध्ये १ आणि २ किलोओहमच्या रेझिस्टरांचा व्होल्टेज डिव्हायडर (व्होल्टेज विभागणारी जोडी) घालावा, म्हणजे २ किलोओहमच्या टोकांवर सुमारे ३.३ व्होल्ट मिळतात. (येथे कंपाइलर कोणतीही ताकीद देत नाही.) म्हणून आणखी बोर्ड घेण्याआधी व्होल्टेज आणि जोडणी तपासणारा साधा डिजिटल मल्टिमीटर घ्यावा, आणि सर्किट चालत नसल्यास कोड उघडण्यापूर्वी सर्व भागांचे ग्राउंड (शून्य व्होल्टची टोके) एकमेकांस जोडलेले आहेत का, हे त्याने तपासावे.